उद्याच्या भेटीची आजची नोंद

आमचे दाजी दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकतात. म्हणजे डॉक्टर स्वतः बसतात ती खुर्ची नव्हे. आपण जिच्यात आडवे होतो, वर भला मोठा दिवा पेटतो आणि घरी तोंड वर करून बोलणारा माणूस एकदम गरीब गाय होतो, ती खुर्ची.

दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचे यजमान. नात्याने मी त्यांचा मेहुणा, नोकरीने त्यांच्याच शाखेत कॉम्प्युटर सांभाळणारा, आणि राहायला त्यांच्याच घरात वरच्या खोलीत. त्यामुळे घरी, दारी, ऑफिसात त्यांची माझ्यापासून सुटका नाही. त्यांची थट्टा करण्याचा हक्क मला ताईच्या लग्नातच मिळालाय आणि मी तो आजवर कधी वाया जाऊ दिलेला नाही.

दाजी दिसायला मोठे रुबाबदार. कडक इस्त्रीचा शर्ट, आरशासारखे बूट, हातात काळी बॅग. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस बोलायला लागला की समोरच्याचं काही खरं नाही. खरी गोष्ट अशी आहे की या माणसाला आयत्या वेळी एक वाक्य सुचत नाही. एक म्हणजे एक.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी ते एका डॉक्टरांकडे कॅटलॉग घेऊन गेले. बाहेर पेशंट बसले होते, हेही त्यांच्यात बसले. नंबर आला, आत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कुठला दात?" आता "मी पेशंट नाही, विक्रेता आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण दाजींची जी वाचा बसली, ती बसलीच. त्यांनी मुकाट्याने खालचा एक दात दाखवला, खुर्चीत आडवे झाले, सगळे दात साफ करून घेतले, फी दिली आणि बाहेर आले. कॅटलॉग बॅगेतच. "खुर्ची कशी होती हो?" असं मी अधूनमधून विचारतो. ते म्हणतात, "मेहुणे, आपली यापेक्षा बरी आहे."

त्या दिवसापासून त्यांनी एक पद्धत धरली. उद्या ज्या डॉक्टरांना भेटायचं, त्यांची भेट आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पूर्ण पार पाडायची. दोन्ही बाजू स्वतःच बोलायच्या. ओट्याच्या अलीकडे दाजी विक्रेते. पलीकडे गेले की डॉक्टर. डॉक्टर झाले की हनुवटी वर, नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. ताई मटार सोलत हा सगळा खेळ बघते.

"तुमचा हा डॉक्टर फारच उर्मट आहे बाई," ती म्हणते. "याच्याकडे पेशंट टिकायचे नाहीत."

"अगं, तो खरंच तसा आहे."

"आणि तुम्ही त्याच्यापुढे किती वाकताय? जरा ताठ उभे राहा. मटार खाऊ नका."

अशा तालमीवर दाजींनी उमेदीची सारी वर्षं काढली, आणि चांगली काढली. समोरच्याचा चेहरा दिसत असला आणि बोलणं आधी घोटलेलं असलं की गाडी सुरळीत चालते. फोनवर मात्र सगळा आनंद. चेहराच दिसत नाही, मग माणूस बोलणार कुणाशी? ताईलाही फोन केला की दाजी "हॅलो" म्हणतात आणि पुढचं संभाषण ताईच दोन्हीकडून चालवते.

अशात आमच्या कंपनीत सीआरएम आलं. सगळे त्याला नुसतं सिस्टीम म्हणतात. कोणत्या डॉक्टरला भेटलात, काय बोलणं झालं, निकाल काय, पुढे काय करणार, हे सगळं त्यात त्याच दिवशी भरायचं. आमचे शाखेचे साहेब या सिस्टीमवर नव्या नवरीसारखे खूश होते. साहेबांचं पाळण्यातलं नाव काहीही असो, ऑफिसात त्यांना 'आत्ताच्याआत्ता' म्हणतात, कारण त्यांचं कुठलंही वाक्य त्याच शब्दाने संपतं. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "जी मीटिंग सिस्टीममध्ये नाही, ती झालीच नाही! काय? भेटून आलात की एन्ट्री. आत्ताच्या आत्ता!"

दाजींचं टायपिंग एका बोटाचं. तेही बोट अक्षर सापडेपर्यंत घारीसारखं वर घिरट्या घालणार. दिवसभर फिरून आलेला माणूस संध्याकाळी 'चर्चेचा तपशील' हा रकाना भरायला बसला की ताटातलं गार होऊन जायचं. ताई वैतागली. आणि मग एकाएकी दाजींच्या एन्ट्र्या सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. "याला म्हणतात शिस्त! भेट संपायच्या आत एन्ट्री!"

मला शंका आली. एका संध्याकाळी मी मागून डोकावलो. स्क्रीनवर भेटीची तारीख उद्याची, आणि खाली लिहिलेलं : 'डॉक्टर म्हणाले, विचार करून सांगतो.'

"दाजी, हे कधी म्हणाले डॉक्टर?"

"उद्या."

"उद्या म्हणणार आहेत ते आज 'म्हणाले' कसं?"

दाजींनी शांतपणे एक कानामात्रा शोधली, दाबली आणि म्हणाले, "मेहुणे, तालीम झालीये. डोक्यात सगळं ताजं आहे. उद्या दमून आल्यावर तेच लिहायचं, ते आज लिहिलं. साहेबच म्हणतात ना, जे सिस्टीममध्ये नाही ते झालं नाही. मग जे सिस्टीममध्ये आहे ते झालंच की!"

हा युक्तिवाद मला ओळखीचा होता, कारण मी ज्या शाळेत शिकलो तिथे विज्ञानाचे प्रयोग असेच व्हायचे. सामान कपाटात, कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे आणि हेडमास्तर रजेवर. गुरुजी फळ्यावर 'निरीक्षण' आणि 'अनुमान' आधीच लिहून द्यायचे. वर्षाच्या शेवटी कपाट उघडलं आणि आम्ही खरोखर प्रयोग केला, तर निघालेलं उत्तर फळ्याशी जुळेना. गुरुजी म्हणाले, "परीक्षानळी खराब आहे."

दाजींची परीक्षानळी मात्र कधी खराब निघत नव्हती. दातांचे डॉक्टर फिरून फिरून तेच पाच प्रश्न विचारतात. जे काही वेगळं घडे, ते दाजी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या दुरुस्त करत. सिस्टीम खूश, साहेब खूश, ताटातलं गरम.

मग ती कॉलिंगची खोली निघाली.

मुख्य कार्यालयाने ठरवलं की फिरणारी माणसं कमी करायची आणि बाकीच्यांना एका खोलीत बसवून, कानाला हेडसेट लावून, फोनवरून खुर्च्या विकायच्या. आमच्या मजल्यावर मागच्या बाजूला लाकडी पार्टिशनं टाकून खुराड्यासारखे कप्पे झाले. साहेबांनी दाजींना केबिनमध्ये बोलावलं. शहराच्या पलीकडे एक मोठं दातांचं हॉस्पिटल आहे, ते वर नवा मजला चढवत होतं. मजलाभर खुर्च्या लागणार होत्या. साहेब म्हणाले, "ही ऑर्डर आणा आणि खुशाल बाहेर फिरा. नाही आली, तर एक तारखेपासून तुमचा कप्पा खिडकीजवळचा. उजेड चांगला आहे."

दाजी घरी आले ते पांढरेफटक. दिवसभर, चेहरे नसलेल्या माणसांशी बोलायचं! ताईने पाणी दिलं. "अहो, मिळेल ऑर्डर," ती म्हणाली. "आणि नाहीच मिळाली तर शेजारच्या कप्प्यात मी येऊन बसेन. नाही तरी तुमचे फोन मीच बोलते."

त्या हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरबाई म्हणजे सगळ्या विक्रेत्यांचा धसका. उंचीने एवढ्याशा, पण आवाज खणखणीत. दाजी त्यांना पूर्वी दोनदा भेटलेले. नमुन्याची एक खुर्ची त्यांच्या नव्या मजल्यावर बसवूनही दिली होती. आता शेवटची भेट. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात अशी काही तालीम झाली की कुकरसुद्धा शिट्टी द्यायला बिचकत होता. तालीम संपली, दाजी एन्ट्रीला बसले. लिहिलं ते असं :

'डॉक्टरबाईंनी आल्या आल्या घड्याळाकडे पाहिले. मी दहा मिनिटे मागितली. त्या म्हणाल्या, पाच. चहा विचारला नाही. खुर्चीचा रंग हिरवा नको म्हणाल्या. किमतीवरून कुरकुर केली. मग स्वतः खुर्चीत आडव्या झाल्या. इथे मी काही बोललो नाही. त्या खूश झाल्या, पण दाखवले नाही. नंतर चहा आला. निकाल : होकार.'

त्याखाली सिस्टीममध्ये 'ग्राहकाचा स्वभाव' असा एक रकाना आहे. त्यात लिहिलं : 'तोंडाने फटकळ, मनाने बऱ्या. थोडी स्तुती केली की विरघळतात.'

आणि दाजींनी सेव्ह दाबलं.

नेहमी स्क्रीनवर 'नोंद झाली' एवढंच यायचं. आज वर हिरवी पट्टी आली. मी सहज वाचली आणि माझ्या हातातला पेला ओट्यावर आपटला. 'नोंद झाली. भेटीचा सारांश आपल्या ग्राहकाला ईमेलने पाठवला आहे.'

"म्हणजे काय?" दाजींनी विचारलं.

"म्हणजे दाजी, डॉक्टरबाईंना मेल गेलंय. 'आजच्या भेटीबद्दल आभारी आहोत' म्हणून. उद्या त्या काय बोलणार आहेत, ते त्यांना आज कळलंय."

मुख्य कार्यालयाने त्या आठवड्यात ही नवी सोय चालू केली होती. तसं लांबलचक मेलही आलं होतं. ते शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

"परत बोलवा की त्याला!"

"दाजी, ते मेल आहे. वासरू नाही, शिट्टी मारली की परत यायला."

"स्वभावसुद्धा गेला?"

"सगळं गेलं. विरघळतात, ते पण गेलं."

ताईने कपाळाला हात लावला आणि मग, देवा शप्पथ, तिला हसू आवरेना. ती ओट्याला धरून हसत होती, दाजी पंख्याकडे बघत होते आणि तेवढ्यात त्यांच्या फोनवर मेल आल्याची घंटी वाजली. डॉक्टरबाईंचं उत्तर. मीच मोठ्याने वाचलं :

'सारांश मिळाला. उद्या अकरा वाजता नक्की या. मी काय बोलायचं ते पाठ करते आहे. हिरवा रंग मला आवडतो.'

सकाळी साहेबांना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकलं, दोनदा उठले, दोनदा बसले. मग माझ्याकडे बोट केलं. "तूही जा. सिस्टीमची चूक आहे म्हणून सांग. आत्ताच्या आत्ता!"

रस्ताभर दाजी माझ्या मागे गाडीवर बसून पुटपुटत होते. नवी तालीम चालली होती. पण डॉक्टरबाई काय बोलतील हेच ठरेना, त्यामुळे पहिल्या वाक्यापलीकडे गाडी जाईना. "नमस्कार मॅडम, कालच्या मेलबद्दल..." सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "मला काही मेल आलं नाही हो."

नव्या मजल्यावर रंगाचा वास भरला होता. फरशीवर प्लॅस्टिक अंथरलेलं, भिंतीला रंगाऱ्याची शिडी टेकवलेली. जिथे जिथे खुर्ची येणार, तिथे तिथे फरशीतून पाण्याचे आणि हवेचे नळ वर आलेले, त्यांच्या तोंडाला बुचं. मधोमध एकटी आमची खुर्ची. तिच्याशेजारी डॉक्टरबाई उभ्या, हातात छापलेला कागद.

"या," त्या म्हणाल्या. "हातातलं घड्याळ मी आज घरी ठेवलंय."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरही नुसता खिळा होता. खाली, शिडीच्या पायथ्याशी, घड्याळ पालथं ठेवलेलं.

"आधी चहा. तुमच्या कागदात तो शेवटी आहे." शिडीच्या पायरीवर तीन कप तयार होते. "किती वेळ हवाय तुम्हाला? दहा मिनिटं? छे. दुपारपर्यंत बसा. रंग मला हिरवाच हवा. आणि किंमत अगदी योग्य आहे. बोला आता."

दाजींनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा माणसाची वाचा बसताना एवढ्या जवळून बघत होतो. मी मधे पडून, "मॅडम, सिस्टीमची..." असं म्हणालो, तर बाईंनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तुम्ही सारांशात नाही आहात. तुम्ही चहा घ्या."

आणि त्या खुर्चीत आडव्या झाल्या. पेडल दाबून पाठ मागे नेली, दिवा लावला, कागद डोळ्यांसमोर धरला. खिडकीवर कबुतर घुमत होतं. मला दिसत होता तो खिडकीजवळचा कप्पा, चांगल्या उजेडाचा, आणि त्यात कानाला हेडसेट लावून असेच गप्प बसलेले दाजी.

डॉक्टरबाईंनी कागदावरून वाचलं, "'इथे मी काही बोललो नाही.'" मग मान वळवून दाजींकडे पाहिलं आणि त्या आडव्याच्या आडव्या खदखदून हसायला लागल्या. "अहो, मी सगळं उलटं केलं, आणि तुम्ही अजून कागदाप्रमाणेच चाललाय!"

त्या हसण्याने काय झालं कोण जाणे, दाजी बोलले. न घोटलेलं.

"मॅडम, मी मुद्दाम गप्प नाही. मला आयत्या वेळी बोलताच येत नाही. मी तुमच्याशी काल बोललोय. घरी. तुमचंही मीच बोललो. ते लिहून ठेवलं, म्हणून ते पुढचं सगळं..." इथे पेट्रोल संपलं.

डॉक्टरबाई उठून बसल्या. "दोन्ही बाजू तुम्हीच बोलता?"

दाजींनी मान हलवली.

"मग त्यात लाजायचं काय? मी जन्मभर तेच करते! माझा पेशंट तोंड उघडून बसलेला. 'दुखतंय का? नाही ना? घरी सगळे बरे? मुलगा पास झाला? वा!' सगळं मीच. समोरून नुसतं आं आं." त्यांनी कागदाची घडी केली. डोळे असे चमकले की मला वाटलं, आता काहीतरी भलतंच निघणार. तसंच निघालं. "उठा. द्या ती बॅग इकडे. आता मी विक्रेती. तुम्ही डॉक्टर. बघू तरी तुमच्या घरात मी कशी बोलते."

त्यांनी बॅग काखोटीला मारली, दाराबाहेर गेल्या आणि दारावर टकटक केली. दाजी घाबरत घाबरत डॉक्टरांच्या स्टुलावर बसले. आणि बसल्याबरोबर, अहो, हनुवटी वर! नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर!

"कोण तुम्ही? अपॉइंटमेंट आहे?"

"हो. म्हणजे... आहे," बाई गोंधळल्या.

"पाच मिनिटं. बोला."

"ही खुर्ची फार छान आहे."

"छान म्हणजे? मी काय भिंतीला टांगणार आहे? काय करते ते सांगा. माझा पेशंट म्हातारा आहे, गुडघ्यांनी आलाय जेरीला. किती खाली येते?"

डॉक्टरबाईंनी घाईने पेडल दाबलं. चुकीचं. खुर्ची ऐटीत वर निघाली.

"अहो, वर कुठे नेताय त्याला?" दाजी कडाडले. "त्याची वेळ अजून आलेली नाही!"

मी चहा शर्टावर सांडला. बाई हसू दाबत कॅटलॉगची पानं उलटत होत्या आणि दाजींचा तर नळच सुटला होता. पाण्याचा जोर कमी पडला तर? दिवा पेशंटच्या डोळ्यांवर आला तर? डावखुऱ्या डॉक्टरने ट्रे कुठे घ्यायचा? बाई एकाला उत्तर शोधेपर्यंत दुसरा प्रश्न. इतकी वर्षं स्वयंपाकघरात पोसलेला तो उर्मट डॉक्टर आज मोकळ्या मैदानात सुटला होता.

"आणि मधेच बंद पडली तर? पेशंट आडवा, तोंड उघडं, दात अर्धा कोरलेला. खुर्ची हलत नाही. तुमचा माणूस कधी येणार?"

बाईंनी शेवटचं पान काढून वाचलं. "तक्रार आल्यापासून चार ते सहा दिवसांत."

"सहा दिवस? सहा दिवस तो तोंड उघडून पडून राहणार? माश्या जातील त्याच्या तोंडात! नको मला तुमची खुर्ची. घेऊन जा!"

आवाज रिकाम्या मजल्यावर घुमला आणि विरला. मग दाजींच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. माझ्याही आलं. आमच्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या ऑर्डरला आमच्याच माणसाने, आमच्याच मालाची खोट दाखवून, साफ नकार दिला होता.

डॉक्टरबाई हसत नव्हत्या. त्यांनी बॅग खाली ठेवली. "मला एवढंच विचारायचं होतं. बाकी रंगबिंग नुसतं तोंडी लावायला. आत्ताच्या खुर्च्या ज्यांनी दिल्या, त्यांचा माणूस आठ-आठ दिवस फिरकत नाही." मग कागद उलगडून त्या म्हणाल्या, "पण तुमच्या या कागदात हा प्रश्न नाही. का नाही?"

"कारण," दाजी म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून तालमीत मी तुम्हाला तो विचारूच दिला नाही."

"कोणाकडे आहे?"

"साहेबांकडे."

"मग लावा फोन."

दाजींचा चेहरा पुन्हा पांढरा. "मॅडम, फोनवर मला..."

"तुम्हाला कोण सांगतंय? डॉक्टरांना लावायचाय. तुम्ही अजून स्टुलावरून उठलेला नाहीत."

नंबर मी लावला. फोनचा आवाज मोठा करून ट्रेवर ठेवला, जिथे एरवी दात काढायच्या पकडी ठेवतात. पलीकडून साहेब उडालेच, "काय झालं? सही झाली? सांगा आत्ताच्या आत्ता!"

दाजींनी फोनकडे पाहिलं. फोनला चेहरा नव्हता. मग त्यांची नजर डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी स्वतःची हनुवटी वर करून दाखवली. दाजींची हनुवटी वर गेली.

"आधी मी बोलतो. तुम्ही ऐका," दाजी म्हणाले. "खुर्ची बंद पडली, तर त्याच दिवशी दुरुस्तीला माणूस पाहिजे. लेखी पाहिजे."

"अहो, तुम्ही आपल्या बाजूचे आहात की त्यांच्या?"

"मी आत्ता डॉक्टर आहे."

"काय?"

"पेशंट आडवा आहे. तुम्हाला पाच मिनिटं आहेत."

"अहो पण, मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. आठवडाभर तरी..."

"शाखेच्या पातळीवर तुम्ही देऊ शकता. नियमात आहे, तुम्हीच मीटिंगमध्ये वाचून दाखवलंत. होय का नाही, एवढंच सांगा." दाजींनी फोनवर बोट रोखलं. "आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरबाईंनी तोंडावर कागद धरला. शेवटी फोनमधून बारीक आवाज आला, "बरं. देतो. पाठवतो लिहून."

फोन बंद झाल्याबरोबर डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या, मी दाजींना मिठी मारली आणि कबुतर उडून गेलं. दाजी मात्र स्टुलावरून उठेनात. हनुवटी अजून वरच होती. बाईंनी पेन काढलं आणि त्या छापील सारांशावरच दुरुस्त्या केल्या. 'चहा : आधी.' 'हिरवा नको' याच्याखाली रेघ मारून म्हणाल्या, "हे बरोबर होतं. काल चिडून लिहिलं मी. हिरवा कसला, आजारी दिसतात त्यात माणसं." 'फटकळ' राहू दिलं. 'विरघळतात' खोडलं. 'निकाल : होकार' याला हात लावला नाही, शेजारी सही केली. आणि कागद परत देताना म्हणाल्या, "पुढच्या भेटीचा सारांशही आदल्या दिवशीच पाठवा. मी काय बोलणार हे आधी कळलं की विचार करायला बरं पडतं."

ऑफिसात पेढ्यांऐवजी साहेबच वाटले जातील, एवढे ते फुलले होते. पण संध्याकाळी निघता निघता त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "फोनवर काय फर्डं बोलता हो तुम्ही! मला माहीतच नव्हतं. मी काय म्हणतो, कॉलिंगच्या खोलीला असाच आवाज हवा. उद्या सकाळी केबिनमध्ये या. बोलू."

म्हणजे आगीतून उठून थेट त्याच कप्प्यात! मला वाटलं, दाजी घरी येऊन आडवे होतील. पण ते आले तेच मुळी बाह्या सरसावत. ओट्याच्या पलीकडे उभे राहिले, पोट पुढे काढलं आणि साहेबांसारखं दोनदा उठून दोनदा बसून दाखवलं. ताईने मटारचं ताट बाजूला ठेवून दाद दिली. मग एक बोट कीबोर्डवर घिरट्या घालू लागलं. मी मागून वाचत होतो.

'साहेब सुरुवातीला पाणी प्यायले. ऑर्डरबद्दल अभिनंदन केले. कॉलिंगच्या खोलीचा विषय काढलाच नाही. आज कोणत्या भागात जाणार, एवढे विचारले. निकाल : होकार.' आणि स्वभावात : 'दिलेला शब्द पाळतात.'

"दाजी, ग्राहकाच्या ईमेलच्या जागी कुणाचा पत्ता घालायचा?"

"साहेबांचा घाला."

"ते मेल जायच्या चौकटीतली खूण काढून टाकू ना?"

"मेहुणे," दाजी म्हणाले, "राहू द्या." आणि सेव्ह दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये प्रिंटर बघायच्या निमित्ताने घुसलो. प्रिंटरला काही झालं नव्हतं. साहेबांच्या समोर एक छापील कागद होता आणि कागदाशेजारी पाण्याचा भरलेला ग्लास. दाजी समोर बसलेले, बॅग मांडीवर. साहेब ग्लासाकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. ओठांवरून जीभ फिरवली. "अभिनंदन," म्हणाले. घसा कोरडा पडला होता, आवाज फुटेना. कागदाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. दाजी काही बोलले नाहीत.

साहेबांनी ग्लास उचलला आणि घटाघटा रिकामा केला.

"मग," ते म्हणाले, "आज कोणत्या भागात?"

दाजी बॅग उचलून उभेही राहिले होते.